तीन वाक्यांची रुजवात

फोन आला तेव्हा मी कर्वेनगरात झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. सकाळचे साडेनऊ-दहा वाजले असतील. मशीनमधून माझं नवं पत्रक एकेक करून बाहेर पडत होतं. सुमनकाकूंचा, म्हणजे रणपिसेंच्या पत्नीचा, आवाज नेहमीसारखाच होता. "हे चहाला उठले नाहीत," त्या म्हणाल्या. "डॉक्टर येऊन गेले." मग त्यांनीच विचारलं, तुझं ते छापून झालं का. मी हो म्हटलं. त्यावर म्हणाल्या, "त्यात 'आजारी असूनही' असं काही लिहिलं असशील तर काढ. त्यांना आवडायचं नाही." लिहिलं होतं, पहिल्याच परिच्छेदात. सगळ्या प्रती तिथेच टाकून मी खडकीला निघाले.

भास्कर रणपिसे कोर्टात स्टेनो होते, म्हणजे लघुलेखक. कोर्टात सगळ्याच कर्मचाऱ्यांना भाऊसाहेब म्हणतात, त्यामुळे नुसतं 'भाऊसाहेब' म्हटलं की चार माना वळायच्या; 'खडकीचे भाऊसाहेब' म्हटलं की एकच. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात, बालपण क्वार्टर्समध्ये, घरात बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली शॉर्टहँडच्या परीक्षेची प्रमाणपत्रं. या पुरवणीने माझ्याकडे त्यांच्या 'आठवणी' मागितल्या आहेत. आठवणी आहेत, पण गोड नाहीत. ज्यांना रविवारी सकाळी हळवं काही वाचायचं असेल त्यांनी पान उलटावं. शिवाय पुरवणीच्या वकिलांनी एक नाव छापायला मनाई केली आहे, म्हणून त्या माणसाचा उल्लेख मी हुद्द्यानेच करणार आहे: शिरस्तेदार, म्हणजे कोर्टाच्या कचेरीतला सगळ्यात वरचा कारकून. ज्यांचं कोर्टात जाणं-येणं आहे त्यांना नाव कळेलच. बाकीच्यांना त्याची करणी कळली तरी पुष्कळ झालं.

सुरुवात अश्विनीपासून करायला हवी, कारण ती नसती गेली तर भाऊसाहेब आणि मी एकमेकांच्या वाटेला गेलोच नसतो. अश्विनी माझी खोलीतली मैत्रीण. हिंजवडीला नोकरी, सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी त्याच बसमध्ये दोन तास, आणि रविवारी दुपारपर्यंत झोप. घर अमरावतीला, आई एकटी. एका मुलाला तिने लग्नाला नाही म्हटलं. तो मुलगा आमच्याच भागातल्या एका वजनदार घरातला. तिचा खून झाला, खटला गाजला, चॅनेलवाले आमच्या जिन्यात केबल टाकून बसले. त्या खटल्यात सगळ्यात मोठी साक्ष होती मुलाच्या सोसायटीच्या वॉचमनची. ती साक्ष झाली त्या दिवशी शहरात कुणीतरी मंत्री आला होता, त्यामुळे बातमीदार एकही नव्हता. मी मात्र शेवटच्या बाकावर होते. वॉचमन सांगत होता की पहाटे पांढरी गाडी आत आली. मग म्हणाला, "गाडी ह्योच चालवत हुता. माझ्याकडं बादली मागितली, म्हणला शीट धुवायचीय. बादलीतलं पाणी तांबडं झाल्यालं म्या बघितलं." ही तीन वाक्यं मी या कानांनी ऐकली. आरोपीने तेव्हा मान खाली घातली, तेही पाहिलं.

त्यानंतर जे सगळ्या मोठ्या खटल्यांत होतं तेच झालं. साक्ष ऐकलेले न्यायाधीश बदलून गेले, सरकारी वकील बदलले, आणि नव्या न्यायाधीशांनी कागद वाचून निकाल दिला. निकालात लिहिलं होतं की गाडी कोण चालवत होतं हे साक्षीदाराने कुठेही सांगितलेलं नाही. मुलगा सुटला. फटाके आमच्या गल्लीपर्यंत ऐकू आले. अश्विनीच्या आईने साक्षीची नक्कल काढली आणि आम्ही दोघी ती फरशीवर पसरून वाचत बसलो. बादली नव्हती, तांबडं पाणी नव्हतं, "ह्योच" नव्हतं. गाडी आली, एवढंच होतं. वॉचमन तोवर गावी निघून गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. मला एकच गोष्ट येते, ती मी केली. पत्रक काढलं. मथळा होता, 'तीन वाक्यं कुणी खाल्ली?' आणि खाली दोन नावं, पहिलं कचेरी ज्याच्या ताब्यात त्या शिरस्तेदाराचं, दुसरं स्टेनो रणपिसे यांचं. कोर्टाच्या फाटकाशी उभी राहून मी ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात कोंबत होते.

पांढरा बुशशर्ट घातलेला एक बारीक माणूस पत्रक घेऊन पुढे गेला नाही, तिथेच उभा राहून त्याने ते अथपासून इतिपर्यंत वाचलं. मग खिशातून लाल पेन काढलं आणि माझ्यादेखत दुरुस्त्या करायला लागला. म्हणाला, 'निर्लज्ज' एकदा पुरे होतं, तुम्ही चारदा लिहिलंय, धार जाते. साक्षीची तारीख चुकलीय, एक दिवस पुढची हवी. मी चिडून विचारलं की नावं तरी बरोबर आहेत ना. त्याने पत्रकाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. "नावं बरोबर आहेत," तो म्हणाला. "दुसरं माझंच." आणि आत निघून गेला. मी मागून जे बोलले ते इथे छापता येणार नाही.

चार दिवसांनी पत्रकावरच्या नंबरवर फोन आला. "पत्रकवाल्या बाई का?" शेवटपर्यंत त्यांनी मला याच नावाने हाक मारली, आणि शेवटपर्यंत अहो-जाहोच केलं. मी खडकीला गेले ती भांडायलाच. सुमनकाकूंनी पोहे केले होते, ते मी खाल्ले नाहीत, असली माझी तेव्हाची बुद्धी. भाऊसाहेबांनी कपाट उघडलं. आत नुसत्या वह्या, एकाच मापाच्या, पाठीवर वर्षं घातलेल्या. कोर्टात कॉम्प्युटर आले तरी यांनी वही सोडली नव्हती. साक्षीदार बोलेल ते आधी शॉर्टहँडमध्ये वहीत, मग टायपात. आणि वहीत जसंच्या तसं. साक्षीदार 'हाय' म्हणाला तर वहीत 'आहे' करायचं नाही, हा त्यांचा कायदा. त्यांनी त्या दिवसाची वही काढली, एका पानावर बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं. गाडी ह्योच चालवत हुता. बादली. तांबडं पाणी... माझ्या अंगावर काटा आला, आणि लगेच राग आला, कारण ही वही सगळा वेळ या कपाटात होती.

मग त्यांनी जे सांगितलं ते समजायला रुजवात म्हणजे काय ते माहीत हवं. कोर्टात कुठलाही कागद पुन्हा टाइप झाला की तो मुळाशी ताडून बघतात. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नव्या कागदावर ओळीखाली बोट धरून चालायचं आणि दर ओळीला 'बरोबर' म्हणायचं. तो 'बरोबर' म्हणेपर्यंत वाचणाऱ्याने पुढच्या ओळीवर जायचं नाही. ही रुजवात. तर साक्षीनंतर दोन दिवसांनी शिरस्तेदार एक पान घेऊन यांच्या टेबलाशी आला. प्रिंटरने समास कापला होता, पान पुन्हा काढलंय, तुमची सही टाका, म्हणाला. साक्षीदाराची सही फक्त शेवटच्या पानावर असते. मधल्या पानांवर स्टेनोची छोटी सही. यांनी ती टाकली. 'रुजवात घेऊ या' एवढे तीन शब्द काही तोंडातून निघाले नाहीत. मी विचारलं, का. म्हणाले, तीस वर्षं एका डब्यात जेवलेला माणूस, त्याला रुजवात घेऊ म्हणायचं म्हणजे तोंडावर चोर म्हणायचं. निकाल वाचला त्या दिवशी त्यांना सगळं कळलं. पण निवृत्तीला चार महिने होते. "ते मी मोजले," ते म्हणाले. मी म्हटलं, म्हणजे तुमच्या संकोचापायी अश्विनी गेली. त्यांनी चष्मा पुसला. "अश्विनी आधीच गेली होती. माझ्या संकोचापायी तो सुटला. लिहिताना नीट लिहा."

लोक मला विचारतात, तू त्यांना माफ केलंस का. नाही केलं. त्यांनी माफी मागितलीही नाही, आणि म्हणूनच आमचं जमलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतः लेखी दिलं: पान बदललेलं आहे, ते शिरस्तेदाराने आणलं, सही माझी आहे, मूळ वही सोबत जोडली आहे. कोर्टाच्या प्रशासनाने तत्परता दाखवली. निलंबित कोणाला केलं, तर भाऊसाहेबांना. सही त्यांची होती ना. शिरस्तेदार त्याच खुर्चीत, त्याच पंख्याखाली, आणि वर चौकशीत साक्षीदार म्हणून कुणाविरुद्ध? भाऊसाहेबांविरुद्ध. त्याने सांगितलं, मी असं पान नेलंच नाही, रणपिसे अलीकडे विसरभोळे झाले होते. प्रशासनाची बाजू मांडणारा अधिकारी वही उलटीसुलटी करून म्हणाला की ही वेटोळी तुम्हीच काढणार आणि तुम्हीच वाचणार, उद्या यात तुम्ही हवामानाचा अंदाजही वाचाल. मग वही वाचायला दुसरा स्टेनो बोलावला. हा भाऊसाहेबांच्याच हाताखाली शिकलेला, त्यांच्याच घरी जेवलेला. त्याने पानाकडे पाहिलं, शिरस्तेदाराकडे पाहिलं आणि सांगितलं की वाचता येत नाही, अक्षर फारच खासगी आहे. बाहेर आल्यावर मी शिव्या देत होते. भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "त्याच्याकडून शॉर्टहँडच्या परीक्षेची तयारी मीच करून घेतली होती, म्हणून तो पास झाला. ही माझी दुसरी चूक."

त्याच दिवशी बस स्टॉपवर त्यांनी ठरवलं की आपली वही वाचणारं दुसरं माणूस तयार करायचं, आणि ते माणूस मी. मला हसू आलं होतं. पण दर शनिवार-रविवारी दुपारी मी खडकीला जायला लागले. काकूंच्या स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर प्लास्टिकचा कपडा, दोन पेन्सिली. भाऊसाहेब पेपरातली बातमी वाचायचे आणि मी लिहायचे. काही ओळींनंतर ते थांबायचे, माझं पान बघायचे आणि म्हणायचे की तुम्ही परवाचं पत्रक लिहिताय. "तुमचा हात आधी ठरवतो आणि मग ऐकतो. समोरचा काय म्हणाला ते लिहा. तुम्हाला काय हवं होतं ते नाही." इतकं झोंबलेलं वाक्य मला आयुष्यात कुणी ऐकवलेलं नाही. काकू तिकडून ओरडायच्या, अहो, पोरीला चहा तरी पिऊ द्या. हे म्हणायचे, शंभर शब्दांवर गेली की पिऊ दे. महिना-दीड महिन्यात मी त्यांचं 'खासगी अक्षर' वाचायला लागले. मग त्यांनी परीक्षा लावली. जुन्या, भलत्याच खटल्यांच्या वह्या काढायच्या, मी थेट वाचायचं, आणि त्या साक्षींच्या नकला त्यांच्या हातात. स्वतः ओळीखाली बोट धरून बसायचे. बरोबर. बरोबर. चुकले की काही बोलायचे नाहीत, नुसतं बोट थांबायचं. पुढच्या तारखेला या बाईंना वही वाचायला साक्षीदार म्हणून बोलवा, असा अर्ज त्यांनी दिला होता. झेरॉक्सच्या दुकानात मी त्याच तारखेचं पत्रक काढत होते.

अंत्यसंस्कार दुसऱ्या दिवशी खडकीतच झाले. सगळे पांढऱ्या कपड्यांत, त्रिशरण, पंचशील, आणि अश्विनीची आई अमरावतीहून रातोरात निघून पोचलेली. शिरस्तेदार त्या दिवशी फिरकला नाही. आला तो पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे नंतरच्या आदरांजलीच्या कार्यक्रमाला, मोठा हार घेऊन. पंचशील सगळ्यांबरोबर हात जोडून म्हटलं. मग कुणी न सांगता बोलायला उभा राहिला. रणपिसे म्हणजे न्यायदेवतेचा निष्कलंक सेवक, आमचा तीस वर्षांचा डबा, वगैरे वगैरे... मी उठणार होते. मनात चार 'निर्लज्ज' तयार होते. काकूंनी माझ्या दंडावर हात ठेवला, स्वतः उठल्या, आत जाऊन चहाचा कप आणला आणि त्याच्या हातात दिला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा साध्या आवाजात विचारलं, "साहेब, आत्ता आमच्याबरोबर पंचशील म्हटलंत. चौथं काय होतं हो?" तो हसला, म्हणाला वहिनी, मला कुठलं पाठ असणार. चौथं असतं खोटं न बोलण्याचं. हॉलमधल्या शेंबड्या पोरांनाही ते पाठ होतं. "यांना होतं पाठ," काकू म्हणाल्या. "म्हणून यांना त्रास झाला." त्याने चहा टाकला नाही, हे सांगायला हवं. सावकाश पिऊन गेला. ते मी विसरणार नाही.

आठवड्याभरात घरी पत्र आलं. अपचारी कर्मचारी मयत झाल्याने चौकशी नस्तीबंद करण्यात येत आहे. सरकारी मराठीत 'अपचारी' म्हणजे ज्याच्यावर आरोप तो, आणि 'नस्तीबंद' म्हणजे फाईल बांधून मांडणीवर टाकली. म्हणजे पान बदललं गेलं हे कागदावर राहिलं, त्यावर सही रणपिसेंची हेही राहिलं, आणि आणणारा कोण, हा प्रश्न त्यांच्याबरोबर संपला. किती सोयीचं मरण. अश्विनीच्या आईने हायकोर्टात अपील केलं आहे. पान खोटं ठरलं तर वॉचमनला पुन्हा बोलावता येईल, नाहीतर अपिलातही तीच नक्कल वाचली जाणार आणि तो मुलगा आमच्या गल्लीतून गाडी फिरवत राहणार. सगळं त्या एका पानावर आलं होतं. काकूंनी अर्ज दिला, तो मी लिहून देऊ का विचारलं तर नको म्हणाल्या, तू लांबवतेस. त्यांचा अर्ज एका वाक्याचा आहे: माझ्या नवऱ्याची सही आहे तशी राहू द्या, पण पान कुणी आणलं ते तिच्या शेजारी लिहा. मी त्याचंच पत्रक केलं. एक शब्द जोडला नाही. प्रत्येक वकिलाच्या टेबलावर, कँटीनच्या बाकांवर, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर ते वाक्य ठेवलं, आणि झाडूवाल्यांनी उचललं की पुन्हा ठेवलं. अश्विनीची आई रोज व्हरांड्यात येऊन बसायची. महिनाभराने नवी चौकशी लागली, या वेळी शिरस्तेदारावर, आणि चौकशी अधिकारी दुसऱ्या जिल्ह्यातल्या न्यायाधीश बाई.

परवाच्या मंगळवारी माझी साक्ष झाली. अहवाल अजून यायचा आहे, त्यामुळे निकालाचं मी काही बोलत नाही. खोलीत काय झालं तेवढं सांगते. शिरस्तेदाराच्या बाजूने बोलणाऱ्याने सांगितलं की ही मुलगी चळवळीतली आहे, तीन वाक्यं पाठ करून आली आहे, हिला वहीतलं काहीही वाचता येत नाही. चौकशी घेणाऱ्या मॅडमनी शिरस्तेदारालाच म्हटलं, रणपिसेंच्या वह्यांच्या या खोक्यातली कुठलीही वही तुम्हीच काढा. त्याने बराच वेळ शोधून तळाची, जुनी वही काढली. कुठल्यातरी गावच्या गोठ्याच्या भिंतीचा वाद. त्या साक्षीची नक्कल रेकॉर्डमधून येईपर्यंत दुपार झाली. मग मॅडम त्याला म्हणाल्या, "नक्कल तुम्ही धरा. रुजवात तुमच्या रोजच्या कामातली आहे." तो माझ्यासमोर बसला. मी वाचायला लागले. ही भित माझ्या आज्यानं घातली, ह्याच्या आज्याला इचारा, त्यो हुता तवा माती वाहायला. मॅडम किंचित हसल्या. त्याचं बोट ओळीखाली सरकलं. "बरोबर." पुढची ओळ. "बरोबर." दोन पानं झाली, आणि गंमत अशी की त्याचा आवाज हळूहळू लागला. जन्मभर केलेलं काम, जीभ आपोआप चालते. भाऊसाहेबांच्या जागी हा बसलाय, याची मला किळस येत होती, आणि तरी मी थांबले नाही.

तेवढ्यात मॅडमनी आवाज न चढवता त्याच्या हातातली नक्कल काढून घेतली आणि त्याच्यापुढे ते पान ठेवलं, भाऊसाहेबांची छोटी सही असलेलं. माझ्यापुढे त्या दिवसाची वही. "आता हे," त्या म्हणाल्या. मी वाचलं, पहाटे पाचाला पांढरी गाडी आत आली. "बरोबर," तो म्हणाला. सवयीने निघालं असावं. मी वाचलं, "गाडी ह्योच चालवत हुता." त्याचं बोट ओळीच्या टोकापर्यंत गेलं, परत आलं, खालच्या ओळीवर उतरलं, पुन्हा वर चढलं. त्याला ठेवायला जागा सापडेना. मॅडमनी विचारलं, बरोबर? अश्विनीची आई दाराबाहेर होती, तिला दारातून त्याची पाठ दिसत असेल. पुढची दोन वाक्यं माझ्यापुढे होती, बादलीचं आणि पाण्याचं, एका दमात वाचून टाकता आली असती. पण समोरचा 'बरोबर' म्हणत नाही तोवर वाचणाऱ्याने पुढच्या ओळीवर जायचं नसतं. मी वहीवर बोट ठेवलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसून राहिले. मला कसलीही घाई नव्हती.